सोन्यात उमललेली बाग

बकुळीचं फूल झाडावरून गळतं तेव्हा त्याच्या मधोमध बारीक भोक असतं. त्यामुळे सुई न घेता, नुसत्या दोऱ्यात किंवा गवताच्या काडीवरही ते ओवता येतं. दाते पाडल्यासारख्या पाकळ्या आणि सुकूनही न जाणारा वास. मराठी सोनार दागिन्यासाठी फूल निवडताना गुलाब-कमळावर थांबला नाही. या नखाएवढ्या फुलाच्या पाकळ्यांचं चक्र त्यानं पातळ पत्र्यात उठवलं आणि अशी फुलं एकाला एक जोडत थेट बेंबीपर्यंत पोचणारा हार केला. तो बकुळीहार. पत्रा पातळ, म्हणून हार दिसतो भरघोस आणि भरतो हलका.

बागेवर बेतलेले दागिने म्हटलं की आज डोळ्यांपुढे पॅरिसच्या पेढ्यांची झगमगती दालनं येतात. तिथल्या कामाचं कौतुक जरूर करावं. पण सोन्यातली बाग आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिची नोंद ठेवावी असं फारसं कुणाला वाटलं नाही. त्या बागेच्या घडण्याचं आणि वितळण्याचं, दोन्हीचं एक मोठं ठिकाण कृष्णाकाठी आहे. सांगलीत सोन्याची फुलं विकणाऱ्या पेढीला दोन शतकं होत आली. सांगलीच्याच दुष्काळी तालुक्यांतली माणसं जुनं सोनं वितळवून शुद्ध करण्यासाठी देशभर पांगली. शेजारच्या साताऱ्यात या बागेला पुन्हा बहर यावा इतकी सामग्री पडून आहे.

अंबाड्यापासून गळ्यापर्यंत

नऊवारी नेसलेल्या, पारंपरिक दागिने ल्यालेल्या स्त्रीकडे एकदा नीट पाहावं. अंबाड्यावर सोन्याचं गुलाबाचं फूल, शेवंती, सूर्यफूल किंवा केवडा. कानात कुडी, म्हणजे मधे खडा आणि भोवती मोत्यांच्या पाकळ्या. कानाचं ओझं केसांवर घेणारी मोत्यांची सर म्हणजे वेल. गळ्यात चाफ्याच्या मिटल्या कळ्यांची चाफेकळी. लफ्फ्यात, पदकांत, काठांत सगळीकडे कोयरी.

ही बाग राजवाड्यातली शोभेची बाग नव्हे. तिला शेताचा बांध लागून आहे. बोरमाळेचे मणी बोराएवढे, जोंधळी पोतीचे मणी जोंधळ्याच्या दाण्यासारखे, जवमण्यांना जवाचा आकार आणि पोहेहाराला पोह्यांचा चपटेपणा. माण, खटाव, आटपाडी, जत हा सारा ज्वारी-बाजरीचा, पावसाची वाट पाहणारा मुलूख. ज्या घरात कणगी भरली की वर्ष निभावलं असं मानत, त्या घरच्या लेकीनं लग्नात जोंधळ्याच्या दाण्यांची सोन्याची पोत घालावी, यात दागिन्याचा आणि अन्नाचा मान एकच ठरतो.  आपल्या सोनारानं फुलं घेतली, तसंच धान्यही घेतलं.

सोन्याचं मापसुद्धा वेलीवरच लागायचं. गुंजेच्या वेलीचं लाल-काळं बी हे सोनाराचं वजन. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा, म्हणजे 96 गुंजा. 11.66 ग्रॅमच्या जुन्या तोळ्यातून हिशेब केला तर गुंज साधारण 0.12 ग्रॅमची. आज दुकानात तोळा म्हणजे सरळ 10 ग्रॅम धरतात आणि तराजू विजेवर चालतो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात गुंजा-मासे अजून येतात.

दागिना आणि वस्त्र यांचं नातंही इथे घट्ट आहे. पैठणीच्या काठावर आसावलीचा फुलवेल, पदरावर मोर आणि कोयऱ्या. त्यावर उठून दिसेल असा गळा निवडायचा. खणाच्या चोळीच्या गळ्यालगत ठुशी बसवायची, तिच्याखाली चाफेकळी आणि सर्वांत खाली बकुळीहार सोडायचा. हा क्रम बायकांच्या नजरेत तयार होता, त्यासाठी कुणा फॅशनतज्ज्ञाची गरज नव्हती. यात एका माणसाचा उल्लेख फार कमी होतो, तो म्हणजे पटवेकरी. दागिन्याचा तो शिंपीच. मणी ओवणं, सर गाठवणं, रेशमाचे आणि जरीचे गोंडे करणं हे त्याचं काम. ठुशीच्या मागची सरकती दोरी ही त्याच्या शहाणपणाची खूण आहे. पॅरिसमध्ये उंची पोशाख एकाच बाईच्या मापानं बेततात. इथे दोरी वर-खाली केली की तीच ठुशी सासूच्या गळ्यात बसते आणि सुनेच्याही.

पॅरिसची बाग, आपलं कमळ

ख्रिस्तियन दिओर फ्रान्समधल्या ग्रॅनव्हिल इथे समुद्रकाठच्या घरात, आईनं राखलेल्या बागेत वाढला. 1947 सालच्या पहिल्या संग्रहात त्यानं फुलाच्या पाकळ्यांसारखे उमलणारे घेरदार झगे आणले आणि त्या ढंगाला फुलाच्या दलपुंजाचंच नाव दिलं. त्याच्या पेढीचे उंची दागिने गेली दोन दशकं आणि वर व्हिक्त्वार द कास्तेलान घडवते. बाग आणि शिवणकला हे दोन धागे एकत्र गुंफलेला तिचा मोठा संग्रह 2023 साली आला. त्याच वर्षी मार्चमध्ये दिओरनं गेटवे ऑफ इंडियासमोर पोशाखांचा सोहळा केला. त्या कपड्यांवरचं बरंचसं भरतकाम मुंबईतल्या कारागिरांनी केलेलं होतं.

हा रस्ता उलट्या दिशेनं आधीच तुडवला गेला होता. 1911 च्या दिल्ली दरबाराच्या निमित्तानं झाक कार्तिए भारतात आला. पाचू, माणिक, नीलम यांवर पानं-फुलं कोरण्याची इथली कला पुढे कार्तिएच्या दागिन्यांत दिसू लागली. 1920 च्या दशकातल्या त्या रंगीबेरंगी पानवेलींवर युरोप भाळला. मराठी राजघराण्यांचाही यात वाटा आहे. बडोद्याच्या महाराणी सीतादेवी गायकवाड यांनी आपल्याजवळचे पाचू आणि हिरे व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या पेढीला दिले आणि त्यातून 1950 साली कमळाच्या आकारांचा प्रसिद्ध हार तयार झाला.

पॅरिसमध्येही पाटावर बसणाऱ्या कारागिराचं नाव फार क्वचित पुढे येतं, हे खरं. पण तिथे दागिन्याचं रेखाटन जपतात, वहीत नोंद करतात, घडल्यावर छायाचित्र काढतात, मालकी बदलली तरी माग ठेवतात. म्हणून सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीच्या हाराबद्दल आज नेमकं बोलता येतं. आपल्या आजीच्या चाफेकळीबद्दल मात्र ती आजीची होती, यापलीकडे काही सांगता येत नाही.

सांगलीची पेढी आणि मिरजेचा रंगमंच

1801 मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि सांगली हे त्यांच्या संस्थानाचं ठाणं बनलं. नव्या गावाला बाजारपेठ हवी होती. त्याच वाढत्या गावात 1832 साली गणेश नारायण गाडगीळ यांनी सोन्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे पु. ना. गाडगीळ या नावानं महाराष्ट्रभर ओळखली गेलेली पेढी ती हीच. 1958 मध्ये पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर तिचं दुकान निघालं आणि दाजीकाका गाडगीळांनी ते घरोघर पोचवलं. 2024 मध्ये या घराण्यातल्या एका कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले.

याच चिंतामणरावांच्या आश्रयानं विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणलं. एकाच राज्यकर्त्याच्या काळात, एकाच गावात, सराफी आणि नाटक दोन्ही रुजली. हा योग पुढे फळाला आला तो बालगंधर्वांच्या रूपानं. 1905 साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीतून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत, शकुंतलेच्या भूमिकेत. रानफुलांचे अलंकार ल्यालेली शकुंतला हीच त्यांच्या स्त्रीभूमिकांची सुरुवात ठरली.

1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि बालगंधर्वांचं नेसणं, अंबाडा, त्यावरची वेणी, गळ्यातला साज हे सारं घराघरांतल्या बायका बघून-बघून उचलू लागल्या. उंची वस्त्रं, खरी अत्तरं आणि भारी अलंकार यांत त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्यापायी मंडळी कर्जातही बुडाली. मराठी स्त्रीच्या वेशाला वळण लावणारी, पुढच्या हंगामात काय चालेल हे ठरवणारी जागा त्या काळी रंगमंच होती. पॅरिसमध्ये जे काम पोशाखांच्या पेढ्या करत होत्या, ते आपल्याकडे एका गायक नटानं केलं. मराठी दागिन्यांचा इतिहास लिहिताना बालगंधर्वांना वेगळं प्रकरण द्यावं लागेल.

एक फूल घडतं कसं

सोनाराचा पाट फार जागा घेत नाही. ऐरण, हातोड्या, चिमटे, कानशी, फुंकणी आणि तार ओढायची जंत्री. जंत्री म्हणजे चढत्या-उतरत्या भोकांची पोलादी पट्टी. सोन्याची सळई मोठ्या भोकातून लहान भोकात ओढत नेली की केसासारखी तार निघते. शंभर नंबरी सोनं मऊ, त्याच्या पाकळीला धार राहत नाही. म्हणून त्यात तांबं-चांदीची भेसळ करून 22 कॅरेटवर आणतात. हजारात 916 भाग सोनं.

पत्रा ठोकून पातळ करायचा, तापवून पुन्हा मऊ करायचा. मग ठशावर ठेवून फुलाचा आकार उठवायचा. ठसा पितळेचा किंवा पोलादाचा. सोनाराच्या घराण्याची खरी इस्टेट म्हणजे हे ठसे. बाप मुलाला दुकान देतो तसे ठसे देतो. पोकळ मण्यात लाख भरतात, म्हणजे तो चेपत नाही. ठुशीचे गोल दाणे वेगळ्या रीतीनं होतात. सोन्याचा बारीक तुकडा तापला की वितळून आपोआप गोळी धरतो. मग पाकळी, परागाचा रवा आणि कडी एकमेकांना झाळायची. फुंकणीतून ज्योत नेमकी टोकावर न्यायची, कारण क्षणभर जास्त उष्णता लागली तर पाकळीच वितळते. शेवटी उजळणं. गिऱ्हाइकाला दिसते ती चकाकी. कारागीर पाहतो ती पाकळीची मागची बाजू, कारण हात कसा आहे ते तिथेच कळतं.

आज या कामाचा मोठा भाग संगणकावरचं रेखाटन, मेणाचे साचे आणि ओतकाम यांनी घेतला आहे. फुलं यंत्रावर छापून निघतात. उरलेलं हातकाम करणाऱ्यांमध्ये बंगालमधून आलेल्या कारागिरांचा वाटा मोठा आहे. मराठी चाफेकळी बंगाली हातांनी घडते, याचा आनंदच मानला पाहिजे. कला हातांत राहते, मग हात कुठलेही असोत. दुःख एवढंच, की मराठी सोनारांच्या अनेक घरांतले ठसे मोडीत गेले.

त्यामागे धोरणाचा एक घावही आहे. चीनशी युद्ध झालं, परकीय चलनाची चणचण भासली आणि जानेवारी 1963 मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्णनियंत्रण आलं. 14 कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी झाली. 14 कॅरेटचं सोनं कडक, त्यात पारंपरिक ठशाचं बारीक काम नीट उतरत नाही आणि लोकांना ते सोनं वाटतही नाही. हजारो कारागिरांचा रोजगार गेला, काहींनी जीव दिला. कॅरेटची मर्यादा 1966 मध्ये उठली, पण 1968 चा कायदा 1990 पर्यंत राहिला. एवढ्या काळात एक पिढी पाटावरून उठली. सोनाराच्या मुलाला दुसरी नोकरी मिळाली की ठशांना वारस राहत नाही.

विट्याची मूस

आता बागेची दुसरी बाजू. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि साताऱ्याकडचे माण-खटाव हा पर्जन्यछायेचा टापू. जिरायत शेतीवर पोट भरेना, तेव्हा इथली तरुण माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. सराफाकडे आलेलं जुनं सोनं वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोनं परत द्यायचं, हा तो धंदा. विटा हे त्याचं माहेर. इथले गलाई बांधव उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत देशातल्या गावोगावच्या सराफकट्ट्यांवर आढळतात. यातले बहुतेक जातीनं सोनार नाहीत, शेतकरी आहेत. दुष्काळानं त्यांना आगीपाशी बसवलं आणि त्यांच्या सचोटीवर अनोळखी गावच्या सराफांनी किलोकिलोनं सोनं सोपवलं. पारखी नजर आणि शब्दाची किंमत, एवढ्या भांडवलावर उभा राहिलेला असा धंदा विरळा.

काम जिवावरचं आहे. मोड, म्हणजे मोडायला आलेलं जुनं सोनं, मुशीत घालून टाकणखारासह वितळवतात. सोन्यात मुद्दाम चांदी मिसळून ते नायट्रिक ॲसिडमध्ये, म्हणजे तेजाबात टाकतात. चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं तळाशी भुकटी होऊन उरतं. त्या वेळी उठणारा तांबूस धूर छातीत जातो. अरुंद गल्लीतल्या खोलीत, भट्टीच्या शेजारी, परभाषेच्या गावात या माणसांनी आयुष्यं काढली. दिवाळी-यात्रेला गावी येऊन घर बांधलं, विहीर काढली, मुलं शिकवली. आता टेंभू उपसा योजनेचं कृष्णेचं पाणी याच टापूत पोचलं आहे. जिथे कुसळं उगवायची, तिथे डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागा उभ्या आहेत. सोनं गाळून मिळवलेला पैसाही या बागांत उतरला आहे.

या मुशीत वितळतं ते नुसतं सोनं नसतं. आजीचा बकुळीहार, पणजीची जोंधळी पोत, कुणाच्या तरी अंबाड्यावरचं केवड्याचं पान, सगळं मोड म्हणूनच येतं. वितळल्यावर त्याचं वजन आणि कस उरतो, घडण कायमची जाते. यात गलाईवाल्याचा काडीचा दोष नाही. तो सांगितलेलं काम इमानानं करतो. घरातून दागिना बाहेर पडताना त्याच्याकडे शेवटचं नीट पाहायचं काम आपलं होतं.

साताऱ्यातली सामग्री

नव्या दागिन्यांसाठी जुनं कुठे पाहायचं, याचं एक उत्तर औंधात आहे. संस्थानाधिपती आणि स्वतः चित्रकार असलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभारलं. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत तिथे खूप काही आहे. जुन्या चित्रांतला अलंकार आपण सहसा चित्राचा भाग म्हणून पाहतो. दागिने घडवणाऱ्यानं तो रचना म्हणून पाहावा. कोणत्या लुगड्यावर कोणता साज, कोणती लांबी, मोती कुठे आणि सोनं कुठे, हे तिथे उभं राहून टिपता येईल.

दुसरं उत्तर साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर, कासच्या पठारावर आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर या पठाराला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. काळ्या-तांबड्या कातळावर मातीचा पातळ थर, त्यावर पावसाळा सरताना उमलणारी फुलं. सोन्याच्या रंगाची सोनकी, पांढऱ्या मोत्यासारखे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवं, पिवळ्या पाकळीवर लाल ठिपके मिरवणारा कवला, सात वर्षांनी एकदा बहरणारी टोपली कारवी आणि शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव वागवणारा दुहेरी तुऱ्याचा वायतुरा. बकुळीकडे पाहून ज्याला हार सुचला, त्या सोनाराचे वारसदार या फुलांकडे पाहून काय करतील? गेंदाची कुडी, वायतुऱ्याचं अंबाड्यातलं फूल, सोनकीचा हार. फूल तोडायला पठारावर बंदी आहे, ते योग्यच आहे. सोन्यात उतरवायला कुणाची बंदी नाही.

नोंद

सोन्याच्या शुद्धतेची काळजी आपण घेऊ लागलो आहोत. जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. दागिन्यावर शुद्धतेचा आकडा असतो आणि सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. त्यावरून सराफ आणि तपासणी केंद्र कळतं. चाफेकळी कोणी घडवली, ठसा कुठल्या घराण्याचा, पटवेकरी कोण, हे त्यावरून कळत नाही. बिलात सोन्याचा भाव, घडणावळ आणि कर असतो. ज्याला घडणावळ द्यायची त्याचं नाव नसतं. उंची दागिने म्हणून जगात जे विकलं जातं त्याची किंमत मोठ्या प्रमाणात या नोंदीतून येते. बकुळीहाराची घडण कुठल्याही परदेशी हाराच्या तोडीची आहे. नोंदीअभावी तो वजनावर विकला जातो.

हे बदलण्यासाठी सरकारची वाट पाहायला नको. सांगली-साताऱ्याच्या सराफ संघटनांनी जुन्या ठशांचा संग्रह करावा. मोड घेताना दागिन्याची दोन छायाचित्रं आणि वजन वहीत नोंदवण्याचा नियम स्वतःहून पाळावा. गलाई बांधवांच्या हातांतून देशभराची घडण जाते. त्यांनी मुशीत घालण्याआधी टिपलेलं एकेक छायाचित्र हा अमोल ठेवा होईल. दुकानांनी बिलावर कारागिराचं नाव छापावं.

आणि वाचकांनो, या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दागिन्यांचा डबा उघडाल तेव्हा प्रत्येक जुन्या दागिन्याचं पुढून-मागून छायाचित्र काढा. त्याचं नाव, वजन, तो कुणाकडून कुणाकडे आला आणि कुठल्या गावच्या सोनारानं घडवला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. मोडायची वेळ आलीच तर मोडा, सोनं अडीअडचणीसाठीच असतं. फक्त नोंद केल्याशिवाय एकही फूल मुशीत जाऊ देऊ नका.